पाच बाइट आणि २५६ एमबी: निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर मेमरी संपून का पडतं?

उंबरठा

निफाड तालुक्यात आमच्या गटातल्या बारा शेतकऱ्यांच्या द्राक्षबागांत मिळून ३८ डबे बसवले आहेत. पानांवरचा ओलावा, हवेतली आर्द्रता आणि तापमान मोजायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला एक निरोप पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. निरोप येतात माझ्या घरातल्या एका छोट्या मशिनवर. मेमरी दोन जीबी, आणि त्यावर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे एमक्यूटीटी या पद्धतीने आलेले निरोप घेऊन ज्याला हवेत त्याला पोचवणारा प्रोग्राम. दीड वर्ष काही तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यात पाऊस लागलेला असताना रात्री पावणेचारला ब्रोकर बंद पडला. पानं किती तास ओली राहिली त्यावर पहाटे डाऊनी या रोगाची फवारणी घ्यायची की नाही ते ठरतं, आणि नेमके तेच तास आमच्या हातून गेले. दोघांनी अंदाजाने फवारणी घेतली. एकाने घेतली नाही, आणि त्याच्या दीड एकरावर रोग आला. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून या चर्चामंचावर सविस्तर लिहितोय.

लॉगमध्ये एकच ओळ होती: मेमरी संपली म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारली. ब्रोकर आपोआप पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा मेला. असं अकरा वेळा. कारण सापडायला दोन दिवस लागले. बागेतल्या एका मुलाच्या जुन्या मोबाइलवर सगळे निरोप बघायचं अ‍ॅप होतं. त्याने ब्रोकरला सांगून ठेवलं होतं की 'मी नसलो तरी माझे निरोप जपून ठेव'. तो मोबाइल बिघडला आणि कपाटात गेला. कॉन्फिगमध्ये 'मॅक्स_क्यूड_मेसेजेस' मी स्वतः शून्य केलं होतं, म्हणजे रांगेला मर्यादाच नाही. एकही निरोप हरवू नये हा हेतू. ३८ डब्यांचे दिवसाला १,०९,४४० निरोप त्या एका मोबाइलच्या नावावर साठत गेले, जवळपास दोन महिने. आणि ब्रोकर ही रांग डिस्कवरच्या फाइलमध्येही लिहून ठेवत असल्यामुळे दर वेळी सुरू झाला की तीच रांग मेमरीत परत घ्यायचा. शेवटी ती फाइल बाजूला काढली तेव्हा तो उभा राहिला.

चूक माझी होती. पण त्यानंतर मी शोधत बसलो की जे माझ्याकडून चुकून झालं ते कुणी मुद्दाम केलं तर? तेव्हा जे सापडलं त्याने जास्त झोप उडाली.

एमक्यूटीटीचा कुठलाही निरोप अगदी छोट्या हेडरने सुरू होतो. पहिला बाइट निरोपाचा प्रकार सांगतो. पुढचे एक ते चार बाइट 'यापुढे अजून किती येणार आहे' ते सांगतात. प्रत्येक बाइटमधले सात बिट आकड्याचे आणि आठवा 'अजून एक बाइट आहे' हे सांगायला. चार बाइटांचे २८ बिट, म्हणजे जास्तीत जास्त २६,८४,३५,४५५. म्हणजे पाच बाइट पाठवून कुणीही म्हणू शकतो की 'मी जोडून घ्यायला आलोय, माझ्यामागून २५६ एमबी येतंय'. नाव नाही, पासवर्ड नाही. तो तर त्या येणाऱ्या भागात असतो! आणि ब्रोकरने शब्दावर विश्वास ठेवून तेवढी जागा आधीच काढून ठेवली, तर अशी आठ कनेक्शनं माझे दोन जीबी खाऊन टाकतील.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. मॉस्किटोमध्ये ही त्रुटी होती, सीव्हीई-२०१७-७६५१ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा नोंदणी क्रमांक). २०१८ च्या फेब्रुवारीत १.४.१५ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली: जोडणीचा निरोप एक लाख बाइटांहून मोठा असल्याचं हेडर सांगत असेल तर तिथेच नकार. मी निःश्वास टाकला. मग पुढे वाचलं: सीव्हीई-२०२३-०८०९. पहिलाच निरोप जर जोडणीचा नसून भलत्याच प्रकारचा असेल, तर पुन्हा तेच, प्रमाणाबाहेर मेमरी. हे दुरुस्त झालं २.०.१६ मध्ये, ऑगस्ट २०२३ ला. म्हणजे एका दाराला कडी लावल्यावर शेजारचं दार साडेपाच वर्षं उघडं होतं.

माझा ब्रोकर २.०.११ होता. डिस्ट्रोबरोबर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाबरोबर, आला तोच.

इथे बरेच जण सर्व्हर चालवतात. तुमच्याकडे असं काही झालंय का, आणि नक्की कुठे कुठे मर्यादा लावता?

मध्यरात्र

उंबरठा, कळकळीने लिहिलंत, आणि चूक लपवली नाहीत त्याबद्दल आभार. एका ठिकाणी मात्र थोडी दुरुस्ती करतो, कारण त्यावरून पुढचं बरंच समजतं.

लिनक्सवर प्रोग्रामने २५६ एमबी मागितले की कर्नल लगेच 'घे' म्हणतो, पण खरी पानं (मेमरीचे तुकडे) देत नाही. प्रोग्राम त्या जागेत लिहायला लागला की एकेक पान चार केबीचं मिळत जातं. म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या ब्रोकरने नुसती जागा मागितली आणि त्यात काही भरलं नाही, तर पाच बाइटांत २५६ एमबी खरोखर जात नाहीत. हल्लेखोराला बाइट पाठवत राहावे लागतात, निदान काही प्रमाणात. तुमच्या त्या छोट्या मशिनवर ओव्हरकमिटचं, म्हणजे असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करण्याचं, सेटिंग कडक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मागणीच नाकारली जाईल आणि त्या नकाराची तपासणी केलेली नसेल तर प्रोग्राम कोसळेल.

जावामध्ये ही सवलत नाही. तिथे बाइटांचा अ‍ॅरे तयार केला की तो शून्यांनी भरून मिळतो आणि हीपमधून, म्हणजे प्रोग्रामला वापरायला दिलेल्या मेमरीतून, तेवढा वजा होतो, त्याच क्षणी. म्हणून हीच चूक जावातल्या ब्रोकरमध्ये हल्लेखोराला स्वस्त आणि आपल्याला फार महागात पडते. मे २०२५ मध्ये अपाची अ‍ॅक्टिव्हएमक्यू या जावातल्या ब्रोकरची सीव्हीई-२०२५-२७५३३ जाहीर झाली, ती अगदी हीच. ओपनवायर या त्यांच्या प्रोटोकॉलमध्ये आलेला निरोप उलगडताना आतल्या बफरचा आकार नीट तपासला जात नव्हता. समोरच्याने आकडा मोठा लिहिला की तेवढी जागा काढायची, आणि हीप संपली. ५.१६.८, ५.१७.७, ५.१८.७ आणि ६.१.६ मध्ये दुरुस्त आहे.

त्या सूचनेतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र तपासणारं टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत) ज्यांनी लावलं होतं त्यांना हा धोका नव्हता. ओपनवायरचा पहिला बाइट वाचण्याआधीच अनोळखी माणूस बाहेर राहतो. तुमचे ३८ डबे तुमचेच आहेत, प्रत्येकात एक प्रमाणपत्र घालणं अशक्य नाही.

उंबरठा

मध्यरात्र, धन्यवाद. ओव्हरकमिटचं मला माहीत नव्हतं. प्रमाणपत्राचं बघतो, पण जुन्या १४ डब्यांतल्या चिपला टीएलएस झेपत नाही, बॅटरीही लवकर उतरते. त्यांच्यासाठी वेगळा रस्ता काढावा लागेल.

तळटीप

'शेजारचं दार' हे तुमचे शब्द वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं आमच्या मित्रमंडळाचा एक्सएमपीपी (चॅटची एक खुली पद्धत) सर्व्हर चालवते. लहानसा, पण लोक त्यावर विसंबून आहेत. आमच्याकडे याच गोष्टीचे तीन प्रयोग झालेत, आणि तिन्ही वेळा मी रात्री उठून अपग्रेड केलंय.

एक्सएमपीपीमध्ये सगळे निरोप एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घालून लिहिलेल्या मजकुरात, जातात. एक्सएमएलमध्ये एक सोय आहे: सुरुवातीला एखाद्या मजकुराला नाव द्यायचं आणि पुढे नुसतं नाव वापरायचं. आता पहिल्या नावाचा अर्थ 'लोल' ठेवा. दुसऱ्याचा अर्थ दहा वेळा पहिलं. तिसऱ्याचा अर्थ दहा वेळा दुसरं. असं दहाव्या नावापर्यंत जा आणि मजकुरात ते दहावं नाव एकदा लिहा. एक केबीच्या आत बसणारी फाइल उलगडताना शंभर कोटी 'लोल' होतात, तीन जीबी. म्हणून तिला 'बिलियन लाफ्स' म्हणतात.

गंमत नाही, खेद वाटतो तो असा की एक्सएमपीपीच्या प्रमाणकात ही सोय वापरायची नाही असं २००४ च्या आरएफसी ३९२० या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण नियम कागदावर होता. एक्सएमएल वाचण्याचं काम सर्व्हर स्वतः करत नाही, एक्सपॅटसारख्या लायब्ररीला देतो, आणि त्या लायब्ररीला एक्सएमपीपीचे नियम कोण सांगणार? सर्व्हर 'हे चालणार नाही' म्हणेपर्यंत लायब्ररी उलगडत बसलेली असायची. २०११ मध्ये एकापाठोपाठ एक ईजॅबरडी, जॅबरडी१४, जॅबरडी२ आणि प्रॉसडी या सगळ्या सर्व्हरना दुरुस्ती काढावी लागली.

दुसरा प्रयोग २०१४ चा. एक्सएमपीपीत निरोप दाबून पाठवायची सोय होती, झेडलिब ही लायब्ररी वापरून. एकाच अक्षराची लांबलचक रांग असेल तर झेडलिब तिला जास्तीत जास्त हजारपटीच्या थोडं वर दाबू शकतं. एक एमबी पाठवा, समोर एक जीबी उलगडतो. सर्व्हरने आकाराची मर्यादा लावलेली असायची, पण ती लावायचा तो वायरवरून आलेल्या बाइटांना! उलगडल्यावर काय झालं ते कुणी मोजतच नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशनने जाहीर सूचना काढली. प्रॉसडी, ओपनफायर, टिगासे असे कितीतरी त्यात होते.

आणि तिसरा, ज्याने मला खरंच वाईट वाटलं. जानेवारी २०२२, प्रॉसडी ०.११.१२, सीव्हीई-२०२२-०२१७. पुन्हा बिलियन लाफ्स. अकरा वर्षांपूर्वी मुख्य रस्ता बंद केलेला होता. पण मध्यंतरी ब्राउझरमधून जोडणारे लोक आले, त्यांच्यासाठी वेबसॉकेटचं (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सततच्या जोडणीचं) दार काढलं. तिथे प्रत्येक फ्रेममध्ये (तुकड्यात) एक पूर्ण एक्सएमएल येतं आणि ते वाचायला प्रॉसडीच्या आतलंच दुसरं छोटं फंक्शन वापरलं गेलं. त्यात ती जुनी बंदी नव्हती. लॉगिनही लागत नव्हतं. जित्सी मीट या व्हिडिओ बैठकीच्या सॉफ्टवेअरच्या आत प्रॉसडीच असतो, त्यामुळे करोनाच्या काळात ज्या शाळांनी आणि मंडळांनी स्वतःचं जित्सी उभं केलं त्यांच्यापैकी कितीजणांना हे कळलं असेल, याचा मी तेव्हा विचार करत बसले होते.

एक चांगली गोष्ट सांगते. एक्सपॅटने मे २०२१ मध्ये २.४.० पासून स्वतःच मोजायला सुरुवात केली. उलगडलेला मजकूर आठ एमबीच्या पुढे गेला आणि आत आलेल्याच्या शंभरपटीहून जास्त झाला की ती थांबते. म्हणजे वरच्या प्रोग्रामला नियम सांगायचा विसर पडला तरी तळाशी कुणीतरी मोजतंय.

अबोली

मी यातली नाही, पण वाचताना थांबवेना. २०१८ मध्ये एक तेलुगू अक्षर आलं की आयफोन बंद पडायचे, माझ्या बहिणीचा पडला होता. तोही असाच हल्ला होता का? आणि आपल्या रोजच्या चॅटवर असं कुणी करू शकतं का?

मध्यरात्र

अबोली, परिणाम सारखा, कारण वेगळं. तिथे मेमरी भरत नव्हती. काही जोडाक्षरांची आकृती काढताना अ‍ॅपलच्या मजकूर दाखवणाऱ्या भागात चूक होती आणि अ‍ॅप कोसळायचं. बंगाली आणि देवनागरीतल्याही काही जोडण्यांना ते व्हायचं, मधे न दिसणारं एक चिन्ह असलं तर. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयओएस ११.२.६ ने ते मिटलं.

साम्य एका बाबतीत आहे, आणि तुमचा प्रश्न म्हणून योग्य आहे. निरोप न उघडताही तुमचं यंत्र त्यावर काम करतं. सूचना दाखवायला मजकूर वाचतं, चित्राची छोटी प्रत बनवतं. चित्राच्या फाइलमध्येही लांबी-रुंदी आधी लिहिलेली असते. काही केबीच्या फाइलमध्ये ३०,००० बाय ३०,००० लिहिलं तर उलगडलेलं चित्र पिक्सेलला चार बाइट धरून ३६० कोटी बाइट होतं. तुमच्या हातात एवढंच की अ‍ॅप आणि फोन अपडेट ठेवायचे. बाकी काळजी आमच्यासारख्यांनी करायची आहे.

पाणवठा

कामावर रॅबिटएमक्यू हा ब्रोकर सांभाळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. इथे सगळे 'मेमरी भरू देऊ नये' म्हणताय. बरोबर. पण भरायला लागली तर काय करायचं हेही ठरवावं लागतं, आणि तो निर्णय सोपा नाही.

रॅबिटएमक्यूने तो उघडपणे घेतलाय. मशिनच्या मेमरीच्या ठरावीक भागापुढे वापर गेला की तो निरोप पाठवणाऱ्यांना थांबवतो. वर्षानुवर्षं हा आकडा ०.४ होता, ४.० पासून ०.६ केलाय. वाचणारे वाचत राहतात, रांग उतरते, मग पाठवणाऱ्यांना परत वाट मिळते. धरणाचे दरवाजे जसे आतल्या पातळीवरून चालतात तसं. यात एक दुखरी बाजू आहे: एका बेजबाबदार ग्राहकाने (जोडलेल्या प्रोग्रामने) रांग फुगवली की थांबतात सगळेच पाठवणारे. आमच्याकडे एका चाचणीच्या रांगेला वाचणारा नव्हता आणि त्यामुळे खऱ्या ऑर्डर चाळीस मिनिटं अडकल्या. ब्रोकर जिवंत होता, पण आमच्यासाठी मेल्यासारखाच. तेव्हापासून प्रत्येक रांगेला कमाल लांबी दिल्याशिवाय ती बनवूच देत नाही.

आणि दाराची गोष्ट आमच्याकडेही आहे. रॅबिटएमक्यूत निरोप एचटीटीपीवरूनही टाकता येतो, व्यवस्थापनाच्या पानावरून. तिथे विनंतीच्या आकाराला मर्यादाच नव्हती. सीव्हीई-२०२३-४६११८. लॉगिन लागतं, हक्कही लागतात, पण तेवढं असलेला कुणीही राक्षसी निरोप टाकून नोड (ब्रोकरची चालू प्रत) पाडू शकत होता. ३.११.२४ आणि ३.१२.७ मध्ये मर्यादा आली. म्हणजे तळटीप यांचं वेबसॉकेट, उंबरठा यांचा भलताच पहिला निरोप आणि आमचं हे पान, तिन्ही एकाच जातीचे. मुख्य रस्त्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. मागाहून सोयीसाठी काढलेल्या वाटेवर नसतं.

उंबरठा, तुमचा ब्रोकर एकाच दाराने ऐकतो का? वेबसॉकेटचा लिसनर चालू आहे का ते आधी बघा.

जुनाखांब

एवढी खटपट कशाला? फायरवॉलवर एका पत्त्यावरून मिनिटाला दहापेक्षा जास्त कनेक्शनं आली की बंद. आम्ही तेवढंच करतो आणि निभतंय.

तळटीप

जुनाखांब, ते लावाच, माझ्याकडेही आहे. पण वरची उदाहरणं पुन्हा बघा. बिलियन लाफ्सला एक कनेक्शन आणि एक केबी लागते. फायरवॉलला त्यात वावगं काही दिसणार नाही. ती कनेक्शनं मोजते, आत जाऊन त्याचं काय होतं ते तिला कळत नाही.

आणि प्रत्येक निरोपाला मर्यादा असूनही मेमरी संपू शकते, हे मी २०२१ मध्ये बघितलं. प्रॉसडी लुआ भाषेत आहे. निरोप वापरून झाला की त्याची जागा लगेच मोकळी होत नाही, सफाई करणारा भाग आपल्या वेळेने येतो. लुआ ५.२ आणि ५.३ वर त्या वेळच्या मूळ सेटिंगमध्ये, लॉगिन न करताही, कचरा सफाईपेक्षा वेगाने वाढवता यायचा. सीव्हीई-२०२१-३२९१८. ०.११.९ मध्ये त्यांनी सफाईचा वेगही बदलला आणि निरोपाचा कमाल आकारही उतरवला. म्हणून मी एका निरोपाची मर्यादा, एका कनेक्शनची मर्यादा आणि अख्ख्या प्रोसेसची मर्यादा अशा तीन पातळ्यांवर मोजते. शेवटची सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या भागाच्या) 'मेमरीमॅक्स'ने. ती नसेल तर मेमरी संपल्यावर कर्नल कुणाला मारेल त्याचा नेम नाही. आमच्या सर्व्हरवर एकदा चॅट फुगलं आणि मारला गेला शेजारचा डेटाबेस.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांत केलेलं सांगतो.

पाणवठा, वेबसॉकेटचा लिसनर चालू होता. कुणीच वापरत नव्हतं, मीच कधीतरी चाचणीसाठी उघडलेला. बंद केला. ब्रोकर नव्या आवृत्तीवर नेला. माझा सगळ्यात मोठा खरा निरोप २१० बाइटांचा आहे, म्हणून 'मॅक्स_पॅकेट_साइज' २००० ठेवलं. रांग प्रत्येकाला ५०० निरोपांची. सात दिवस न आलेल्या ग्राहकाचं सेशन आपोआप मिटतं, त्यामुळे कपाटातला मोबाइल आता काही साठवून ठेवायला लावू शकत नाही. 'मेमरी_लिमिट' २०० एमबी आणि त्याच्या बाहेरून सिस्टमडीची ३०० एमबी.

मग शेजारच्या लॅपटॉपवरून स्वतःच्याच ब्रोकरला ते पाच बाइट पाठवून बघितले. हेडर वाचताच त्याने कनेक्शन तोडलं. जोडणीचा निरोप न पाठवता भलताच पहिला निरोप पाठवला, तोही तोडला. हे दोन्ही बघताना छातीत धडधडत होतं.

नव्या २४ डब्यांत प्रमाणपत्रं घातली. जुने १४ बागेतल्याच एका गेटवेला, म्हणजे मधल्या यंत्राला, बोलतात आणि तो गेटवे प्रमाणपत्राने माझ्याकडे येतो. गेटवेवरची रांगही मोजून दिली आहे, नाहीतर तेच दुखणं तिकडे गेलं असतं.

मॉस्किटो स्वतःची मेमरी '$सिस/ब्रोकर/हीप/करंट' या टॉपिकवर, म्हणजे निरोपांच्या मथळ्याखाली, सांगत असतो, हे इतके दिवस मला माहीतच नव्हतं. तो आकडा ५० एमबीच्या पुढे गेला की माझा आणि गटातल्या आणखी दोघांचा फोन वाजतो. रात्री एकट्याच्या झोपेवर बारा बागा सोडायच्या नाहीत, असं बैठकीत ठरलं. ज्यांचं नुकसान झालं ते काकाही त्या दोघांत आहेत, त्यांनी स्वतःहून नाव दिलं.

परवा रात्री इकडे पाऊस झाला. आकडा रात्रभर तीन एमबीच्या आसपास राहिला. पहाटे पाचला काकांचाच फोन आला, ३८ पैकी ३७ डबे बोलतायत, नदीकडच्या बागेतला एक गप्प आहे, बघून येतो म्हणाले. वायर उंदराने कुरतडली होती.